चौदा खिडक्यांचा फर्मा

आधी म्हशीची गोष्ट सांगते, म्हणजे माझं काम काय होतं ते समजायला सोपं जाईल.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप. तिथं लाकूड आणि प्लाय कापणारं, संगणकावर चालणारं एक मोठं यंत्र होतं. त्याला सगळे राउटर म्हणतात. एका सकाळी एक दूधवाले काका पुठ्ठ्याचा मोठा तुकडा डोक्यावर धरून आले. मुलीच्या लग्नात द्यायच्या ड्रेसिंग टेबलाला आरसा हवा होता आणि आरशाची चौकट त्यांच्या लाडक्या म्हशीच्या शिंगांच्या आकाराची हवी होती. म्हशीच्या डोक्यामागं पुठ्ठा धरून त्यांनी कोळशानं शिंगं गिरवून आणली होती. उजवं शिंग सुरेख आलं होतं. डाव्या शिंगावर मात्र रेघ मध्येच आत शिरून पुन्हा बाहेर आली होती.

"काका, इथं काय झालं?"

"तिथं तिनं मान हलवली."

"मग तेवढं मी सरळ करून घेते."

काकांनी पुठ्ठा आपल्याकडं ओढला. "नको ताई, ऱ्हाऊ द्या. तिची सवयच हाय तशी."

आम्ही तो बाक तसाच कापला. मुलगी सासरी त्याच आरशात बघते, असं काका पुढं अनेकदा सांगायचे.

तर माझं काम हे असं. संगणकाला सरळ रेषा कळते, वर्तुळ कळतं. पण माणसानं हातानं काढलेला बाक त्याला आपोआप कळत नाही, तो सांगावा लागतो. सुतारांकडं असे बाक साठवून ठेवायची एक जुनी सोय आहे, तिला फर्मा म्हणतात. खुर्चीचा हात, पाळण्याची कमान, पलंगाची उशाकडची बाजू, जो आकार पुन्हा पुन्हा लागतो तो पातळ फळीतून किंवा प्लायमधून एकदाच नीट कापायचा आणि खिळ्याला अडकवून ठेवायचा. लागेल तेव्हा लाकडावर ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. लोक असे फर्मे माझ्याकडं आणायचे आणि मी ते संगणकात उतरवायचे. सतरा वर्षं मी हेच केलं.

मी सोयगावची. वडील बाजारात हमाल होते, आई ब्लाउज शिवायची. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. भूमिती शिकवणाऱ्या सरांनी दहावीनंतर घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं, "हिला थांबवू नका." त्या एका वाक्यावर मी बी.एस्सी. झाले. शहरात येऊन ड्रॉइंगचा छोटा कोर्स केला आणि वर्कशॉपच्या मालकांसमोर जाऊन बसले. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. शेठनी एकच प्रश्न विचारला, "बाक काढता येतो का?" मी म्हटलं, "आलेखाच्या कागदावर येतो." ते हसले आणि म्हणाले, "उद्यापासून या."

फर्मा ठेवला की आपोआप आकार उचलणारी यंत्रं बाजारात होती. शेठना मी त्यांचं माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "एवढ्या पैशात दुसरा राउटर येईल, सुनंदाताई. तुम्ही काहीतरी शोधा." माझ्याकडं होतं ते असं: ऑफिसातला कागदाच्या आकाराचा स्कॅनर, माझा फोन, एक लोखंडी पट्टी आणि शाळेतली भूमिती.

स्कॅनरचं झाकण काढून टाकलं की काचेवर मोठा फर्माही ठेवता येतो. तो थोडा थोडा सरकवत तुकड्या-तुकड्यानं स्कॅन करायचा. प्रत्येक तुकड्यात मागच्याचा थोडा भाग यायला हवा आणि शेजारी पट्टी हवी. मग ते तुकडे संगणकात पट्टीच्या खुणा जुळवून जोडायचे. छोट्या फर्म्यांना हे झकास. मोठ्याला मात्र प्रत्येक जोडाला केसभर चूक होते आणि आठ जोडांत तिची दोरी होते.

मग फोनचा फोटो. यात मी आयुष्यातली पहिली मोठी फजिती करून घेतली. एका औषधाच्या दुकानाला कोपऱ्यात वळणारी फळी हवी होती. मी त्यांच्या पुठ्ठ्याच्या फर्म्यावर अगदी वाकून, जवळून फोटो घेतला. जवळून घेतलेल्या फोटोत मधला भाग फुगतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. फळी बसवायला गेलो तर ती भिंतीला मधोमध टेकली आणि दोन्ही टोकं हवेत राहिली. दुकानदार म्हणाले, "ताई, हिला झोका करू का?" तेव्हापासून मी नियम केला: फर्मा जमिनीवर ठेवायचा, खाली चौकटीच्या फरशा असल्या तर उत्तम, आणि आपण घोड्यावर, म्हणजे सुतारांच्या उंच लाकडी तिवईवर चढून, लांबून, कॅमेरा जवळ ओढून फोटो घ्यायचा. फरशीच्या रेषा फोटोत सरळ दिसल्या तरच बाक खरा.

पण सगळ्यात भरवशाची पद्धत निघाली ती लहानपणीची. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, आठवतं? तसंच फर्म्यावर पातळ कागद पसरून कडेकडेनं पेन्सिल आडवी घासायची. कड कागदावर काळी उमटते. फर्म्याची जाडी मध्ये येत नाही, सावली पडत नाही. मग तो कागद आलेखाच्या कागदावर चिकटवून दर सेंटिमीटरला उंची मोजायची आणि ते बिंदू संगणकात टाकायचे. तेही फार टाकायचे नाहीत. नवशिके बाकावर दोनशे बिंदू देतात आणि बाक उंदरानं कुरतडल्यासारखा होतो. नेमक्या जागी नऊ-दहा बिंदू पुरतात. हे मला कोणी शिकवलं नाही. कागद वाया घालवून शिकले.

दुष्काळाची लागोपाठ वर्षं होती ती. आमचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, चारही बाजूंनी वाढत होतं. जालना रोडला दर महिन्याला नवी इमारत उभी राहायची आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा यायचं. वर्कशॉपमध्ये लाकडाचा भुसा उडायचा. हात धुवायला प्रत्येकानं घरून बाटली आणायची, असा नियमच होता. नव्या फ्लॅटांचं काम भरपूर होतं, पण ते सगळं सरळ रेषेतलं. बाक घेऊन येणारा माणूस आला की मला सण वाटायचा.

कौसाबाई अशाच एका दुपारी आल्या. साठीच्या आसपास वय, काष्ट्याचं लुगडं, कपाळ मोकळं. खुलताबादहून एसटीनं आणि पुढं रिक्षानं आल्या होत्या. बरोबर जुन्या सतरंजीत गुंडाळलेला चार फुटी फर्मा.

"हे कम्प्युटरात घालता व्हय तुम्ही?"

"घालते की मावशी. कशाचा आहे?"

"खिडकीचा. आमच्या मालकाचा." पती असं न म्हणता त्या शेवटपर्यंत मालकच म्हणत.

त्यांचे मालक म्हणजे गंगाधर मिस्त्री. खुलताबादजवळ एका गावात मुलींसाठी अभ्यासिका बांधत होते. दगडी काम, चौदा खिडक्या, प्रत्येकीला वर कमान. कमानीत बसायची सागवानी चौकट मिस्त्रींनी अंगावर घेतली होती. सात खिडक्या बसवून झाल्या आणि दुष्काळानं काम थांबलं. बांधकामाला टँकर मिळेना. त्याच उन्हाळ्यात मिस्त्री झोपेत गेले. आता पाणी आलं होतं, काम पुन्हा सुरू झालं होतं आणि सात कमानी उघड्या होत्या.

"इंजिनिअर साहेब म्हनतात, अर्ध्या लाकडाच्या अन् अर्ध्या ॲल्युमिनियमच्या बऱ्या दिसत न्हाईत. येत्या सोमवारी त्यांचा ॲल्युमिनियमवाला येतोय. तोवर बाकीच्या सात बसल्या तर ठीक, न्हाईतर बसलेल्या सातबी काढनार. वरच्या कमानी इटांनी बुजवून चौकोन करनार." फर्म्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "काढल्या तर त्यांचं तिथं काय ऱ्हाईल?"

सागवान होतं. मिस्त्रींनी जायच्या आधीच आठ कच्च्या कमानी जोडून ठेवल्या होत्या. फळ्या जोडलेल्या, रंधा मारलेला, फक्त फर्म्याप्रमाणं कापायच्या राहिलेल्या. सात खिडक्यांना सात आणि एक जादा. त्या जातीचं जुनं सागवान पुन्हा मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, टेम्पोतून त्या कमानी आल्या. मी मोठ्या उत्साहात फर्मा उतरवला. कागद घासला, उंच्या मोजल्या, बिंदू टाकले. खात्रीसाठी घोड्यावर चढून फोटोही घेतला. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. इतका देखणा बाक मी त्याआधी काढला नव्हता.

राउटर चालवायचे इस्माईलभाई. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, शहागंजातले. त्यांनी पडद्यावरची रेघ पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, एक बार हार्डबोर्डपे चला लेते. लकडी मरहूम की है."

"इस्माईलभाई, केसभरही फरक नाही. बघा ना."

"हौ, कंप्यूटर में तो नहीं है."

मी ऐकलं नाही. दिवस कमी होते हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. मला माझ्या रेघेचा अभिमान वाटत होता. आम्ही पहिली कमान थेट सागवानात कापली. ती टेम्पोत घालून संध्याकाळच्या आत अभ्यासिकेवर गेलो. गवंड्यानं ती उचलून दगडी कमानीत धरली आणि म्हणाला, "ही कोन्या दुसऱ्या खिडकीची हाय का?"

चहूबाजूंनी फट होती. करंगळीच्या नखाएवढी, पण सगळीकडं. दगडात अशी फट बुजवता येत नाही. लाकूड लोंबकळल्यासारखं दिसतं.

कौसाबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी ती कमान गवंड्याच्या हातातून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावरचा भुसा पदरानं पुसला. मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मैं बोल्या था" असं इस्माईलभाईंनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि पुढं कधीच म्हटलं नाही.

आता सात खिडक्या आणि सात कमानी. जादा काही उरलं नाही.

गुरुवारी सकाळी मी सगळं पुन्हा मोजलं. फर्मा आणि माझी रेघ यांत फरक नव्हता. फर्मा खरा, रेघ खरी, मग चूक कुठं? जेवणाचा डबा तसाच ठेवून मी खुलताबादची एसटी पकडली. मी पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. फर्मा हातात आहे म्हटल्यावर भिंत कशाला बघायची, असं मी धरून चालले होते. या धंद्यात माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक. ती संगणकाची नव्हती.

फर्मा घेऊन गेले होते. तो मी उघड्या कमानीत धरला आणि फटीत पट्टी घालून मोजत गेले. डाव्या पायथ्याशी सहा मिलिमीटर. माथ्यावर सहा-सात. उजव्या पायथ्याशी पुन्हा सहा. दगड खडबडीत, त्यामुळं एखादा मिलिमीटर इकडंतिकडं, पण फट सगळीकडं सारखी होती.

मी तिथल्याच एका दगडावर बसले. माझं माप चुकलं असतं तर फट अशी आली नसती. फोटो लहान झाला असता तर पायथ्याशी फरक वेगळा आणि माथ्यावर वेगळा दिसला असता. इथं तर कुणीतरी फर्म्याभोवती ठरावीक अंतर राखून चालत गेल्यासारखं होतं. आणि मला आईची आठवण झाली. आई ब्लाउजचा कागद कापडावर ठेवून खडूनं गिरवायची आणि मग कापताना त्या रेघेच्या बाहेरून, बोटभर अंतरानं कात्री चालवायची. शिलाईची जागा. नव्यानं शिकायला आलेल्या बायका कागदावरूनच कापायच्या आणि ब्लाउज अंगात जात नसे. आई म्हणायची, "कागदाला जागा ठाऊक नसते, आपल्याला ठाऊक असावी लागते."

मिस्त्रींनाही जागा ठाऊक होती. प्रश्न असा की नेमकी किती, आणि ती ते कशानं राखत होते? हातानं अंदाजे ओढलेली रेघ सात खिडक्यांना इतकी सारखी येत नाही.

मी फर्मा उन्हात उलटसुलट करून पाहिला. आणि तेव्हा त्याची जाडी पहिल्यांदा नीट बघितली. कागद घासताना किंवा फोटो काढताना फर्म्याची वरची बाजूच दिसते, जाडीकडं कुणी बघत नाही. प्लायच्या त्या पाव इंच जाडीवर, खालच्या अंगाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करडी, चमकदार रेघ गेली होती. पेन्सिलीचा काळेपणा असा चमकत नाही. काहीतरी धातूचं तिथून घासत गेलं होतं.

कौसाबाईंचं घर दहा मिनिटांवर होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, तिथं मिस्त्रींची हत्याराची पेटी. मी फर्मा त्यांच्यासमोर धरला.

"मावशी, रेघ ओढताना मिस्त्री पेन्सिल कशात धरायचे?"

"कशात म्हंजी?"

"पेन्सिलीला काही लावायचे का? वायसर, नळी, कडी?"

त्यांचा चेहरा उतरला. उठून त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात फडक्याची गाठ होती. ती सोडली तर आत चांदीची जोडवी. पायाच्या बोटातली, जाड, साधी गोल.

"ह्यातलं एक पेटीत होतं," त्या म्हणाल्या. "मी काढून घेतलं."

मग त्यांनी सांगितलं. पहिली खिडकी बसवायला मिस्त्री गेले, तेव्हाही अशीच फट आली होती. दगडी कमान बांधताना गवंड्यांनी खालच्या लाकडी आधारावर पत्रा आणि माती टाकली होती, त्यामुळं कमान सगळीकडून थोडी मोठी झाली होती.

"मी भाकर घिऊन गेलते. त्यांनी फर्मा धरला, अन् गवंड्याला म्हनले, फर्मा खरा हाय, तुमचे दगड सैल हायेत. आता नवा फर्मा करायला पिलायवूड कुठनं आनावं? माझं एक जोडवं ढिलं झालतं, पडू नये म्हून पदराला बांधलेलं. ते मागून घेतलं. त्यात पेन्सिल घातली, फर्म्याला लावून फिरवली, अन् बसलं की बरोबर. म्हनले, ऱ्हाऊ दे हे माझ्याकडं, सुतारकीला लागतंय. मी म्हनलं, बायकोचा दागिना हत्यारात? तर म्हनले, तूबी हत्यारातच हाईस."

हे सांगताना त्या जराशा हसल्या.

"ते गेल्यावर जोडवी काढली. एक पायातलं, अन् एक पेटीतलं. बाईमानसाची वस्तू हत्यारात कशाला ठेवावी, लोकं काय म्हनतील. दोन्ही एका गाठीत बांधली, अन् फर्मा तेवढा तुमच्याकडं आनला." त्यांनी जोडवी पुन्हा फडक्यात ठेवली. "म्हंजी माझ्यामुळंच लाकूड गेलं."

"नाही मावशी," मी म्हटलं, "भिंत न बघता मी कापलं. ते माझ्यामुळं गेलं."

त्या पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळल्या. "मग आता?"

शुक्रवारी त्या माझ्याबरोबर वर्कशॉपला आल्या. मी जोडवं स्कॅनरच्या काचेवर ठेवलं, शेजारी पट्टी ठेवली. चांदीची जाडी तीन मिलिमीटर. त्यात पेन्सिल घातली की तिच्या लाकडाची अर्धी जाडी आणखी साडेतीन. साडेसहा मिलिमीटर. सुताराच्या भाषेत दोन सूत, म्हणजे पाव इंच. संगणकात बाकाला ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढायची सोय असते. साडेसहा हा आकडा टाकला आणि माझ्या देखण्या रेघेच्या बाहेरून दुसरी रेघ उमटली. दोन दिवस शोधलेली गोष्ट निमिषभरात झाली.

इस्माईलभाईंनी न विचारता हार्डबोर्ड लावला. ती चार फुटी हार्डबोर्डची कमान घेऊन आम्ही दोघी एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, देव कुठंय मखरातला?" कौसाबाई म्हणाल्या, "फुडं गेलाय. सरका." कमान दगडात धरली. बसली. गवंड्यानं फटीत पट्टी घालून पाहिली, ती शिरली नाही.

शनिवारी सकाळी कापायला सुरुवात केली. कौसाबाई यंत्राच्या काचेपाशी स्टुलावर बसून होत्या. एक, दोन, तीन. सागवानाचा वास सगळ्या वर्कशॉपभर. सहावी उतरली आणि वीज गेली. अर्ध्या तासानं कळलं की वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आहे, सोमवारशिवाय वीज येत नाही. आमच्याकडं जनरेटर होता तो राउटर ओढण्याइतका नव्हता. शेठनी चार ठिकाणी फोन केले. शनिवार दुपार, कुणाचंच यंत्र मोकळं नव्हतं.

सहा कमानींनी काम होणार नव्हतं. इंजिनिअरची अट सातची होती.

कौसाबाई स्टुलावरून उठल्या. "एका कमानीला काय मशिन लागतंय?"

इस्माईलभाई म्हणाले, "अम्मा, मैं काट देता हूँ. आरीपे हाथ है मेरा. मगर लकीर?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. सातवी कच्ची कमान आम्ही टेबलावर ठेवली, वर फर्मा ठेवला. जोडवं त्यांनी माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही, सतरा वेळा मोजल्यावरही.

"तुम्हीच ओढा मावशी. तुम्ही बघितलंय."

"मी कधी रेघ वढली न्हाई. ते वढायचे, मी फर्मा दाबून धरायची."

"मग आज मी धरते."

त्यांनी जोडव्यात पेन्सिल घातली. मी दोन्ही तळव्यांनी फर्मा दाबला.

"जोर लावा ताई. सरकला तर मला शिव्या बसायच्या." आणि लगेच, हळू आवाजात, "तेव्हा बसायच्या."

चांदी प्लायच्या कडेवरून सरकताना बारीक आवाज होतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्या एका दमात आल्या, तिथं थांबून पेन्सिल न उचलता श्वास घेतला आणि पलीकडं उतरल्या. फर्मा दाबून माझे हात दुखत होते. इस्माईलभाईंनी रेघेच्या बाहेरून आरी चालवली, मग रंधा आणि कानस घेऊन रेघेपर्यंत आले. दोन तास लागले. राउटरला चार मिनिटं लागत होती.

रविवारी साती कमानी बसल्या. सोमवारी इंजिनिअर साहेब आले. चौदा खिडक्यांखालून सावकाश फिरले, प्रत्येकीपाशी मान वर केली. फटीत नख घालून पाहिलं. शेवटी विचारलं, "मशीनच्या कोणत्या यातल्या?"

"मोजा की," कौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा एक फेरी मारली. मग हसून ॲल्युमिनियमवाल्याला फोन लावला आणि त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. कौसाबाई तोवर वाळूच्या ढिगावर बसल्या होत्या आणि पायाच्या बोटांवरची वाळू झाडत होत्या.

तो फर्मा अजून वर्कशॉपमधल्या माझ्या जुन्या संगणकात आहे. त्याच फाइलीत जोडव्याचाही स्कॅन आहे. माझ्या जागी आलेल्या मुलीनं एकदा विचारलं, हे चुकून राहिलंय का, पुसू का. इस्माईलभाई पलीकडून ओरडले, "उसकू हाथ नक्को लगाना!" कौसाबाईंच्या त्या कामानंतर जो कुणी फर्मा घेऊन आला, त्याला मी फर्मा हातात घ्यायच्या आधी विचारायचे, याच्याबरोबर आणखी काय वापरत होते? दहातले नऊ जण म्हणायचे, काही नाही. दहावा खिसे चाचपायचा. एकदा त्यातून बाटलीचं बूच निघालं, एकदा सायकलच्या चाकाचा नट. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी किती जणांना हे विचारलं नाही, त्याचा विचार आला की आजही खंत वाटते. ते फर्मे त्या संगणकात तंतोतंत आहेत आणि त्यातले किती अपुरे आहेत, हे मला कळायला मार्ग नाही.

मी आता घरी असते. वर्षातून एकदोनदा खुलताबादला जाते. अभ्यासिका भरलेली असते. खिडक्यांमध्ये मुली पाय वर घेऊन वाचत बसलेल्या असतात. पहिल्या सात मिस्त्रींच्या, कुठल्या बाजूच्या ते मला ठाऊक आहे. उरलेल्या सातांत सहा माझ्या राउटरच्या आणि एक हाताची. कोणती, ते बसवताना लक्षात ठेवायला मी विसरले. कौसाबाईंना विचारलं.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"मग सांगा ना."

"एवढा कम्प्युटर शिकला, वळखा की."

दरवेळी मी त्या सात खिडक्यांखालून एक फेरी मारते. मान वर करून, घोड्यावर चढून फोटो काढायचे तशी लांब उभी राहून बघते. अजून ओळखता आलेली नाही.